एका मिनिटाची वाळू

आमच्या लीगच्या नियमपत्रकातला पाचवा नियम असा आहे : 'निवड करणाऱ्याने उभे राहून खेळाडूचे पूर्ण नाव मोठ्याने उच्चारावे. वाळू संपण्याच्या आत नाव पूर्ण न झाल्यास त्या फेरीत त्याची पाळी सर्वांच्या शेवटी जाईल. चिठ्ठी चालणार नाही.' हा नियम मी लिहिला. त्यातला शब्दन् शब्द माझा आहे आणि बरीच वर्षं मला त्याचा अभिमान होता.

त्या नियमामुळे आर्लो टीट्झचे अकरा ऑगस्ट महिने कसे गेले, हे मला फार उशिरा कळलं. त्याची हकीकत लिहून ठेवावी असं तेव्हापासून मनात होतं. लिहू का म्हणून त्याला विचारलं, तर म्हणाला, "लिही. फक्त मला शूर-बिर करू नकोस."

आमचं दुकान शेतीच्या यंत्रांचं. ट्रॅक्टर, गवत कापायची यंत्रं, कापणी-मळणीची धुडं, आणि या सगळ्यांचे सुटे भाग. विस्कॉन्सिनच्या पूर्वेकडे वीस-पंचवीस मैलांच्या टापूतले सगळे दूधवाले शेतकरी आमच्याकडेच येतात. मी कॉमर्स शिकून इथे लागलो आणि ऑफिस सांभाळता सांभाळता त्रेसष्ट वर्षांचा झालो. आर्लो माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तीस वर्षं तो सुट्या भागांच्या काउंटरवर उभा आहे. गिऱ्हाईक तुटलेला तुकडा समोर ठेवतं, आर्लो तो उलटापालटा करून बघतो, वहीच्या कागदावर भागाचा नंबर लिहितो, कागद पुढे सरकवतो आणि भुवया उंचावतो. गिऱ्हाईक मान हलवतं. तुकडा मिळतो. आर्लो नंबर लिहून दाखवतो त्यामुळे चूक होत नाही, असं मी नव्या पोरांना उदाहरण म्हणून सांगायचो.

त्याच्या आणखी काही सवयी आम्हाला ठाऊक होत्या. तो फोन घेत नसे. डाव्या कानाने कमी ऐकू येतं म्हणे. जेवायला समोरच्या खानावळीत गेलो की तो नेहमी सगळ्यांच्या शेवटी सांगायचा आणि नेहमी एकच सांगायचा, "मलाही हेच." आमचा विक्रीवाला कर्ट झास्ट्रो महावात्रट. आर्लो शेजारी बसला की तो मुद्दाम कांद्यातली कलेजी मागवायचा.

"आर्लो, तुला पण?"

"मलाही हेच."

आणि आर्लो ती बशी गुपचूप संपवायचा. आम्ही हसायचो. मितभाषी माणूस, कशाला नाही म्हणत नाही, अशी त्याची ख्याती.

आता लीगविषयी. आम्ही बारा जण, सगळे दुकानातलेच. दर ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी दुपारी एक वाजता गॅरेजमधलं यंत्र बाहेर काढतो, टेबलं मांडतो आणि देशभरातल्या व्यावसायिक संघांतले फुटबॉलपटू (चेंडू हातात घेऊन धावायचा तो अमेरिकन फुटबॉल) आपसांत वाटून घेतो. प्रत्येकाला सोळा. एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. मग सप्टेंबरपासून दर रविवारी ते खरे खेळाडू आपापल्या मैदानात जे धावतील, झेलतील, त्याचे गुण आमच्या कागदावरच्या संघाला. सगळा खेळ त्या एका शनिवारच्या निवडीवर ठरतो. त्या दिवसाला आम्ही ड्राफ्ट म्हणतो, आणि बायकोचा वाढदिवस विसरणारी माणसंही ड्राफ्टची तारीख विसरत नाहीत.

सुरुवातीची सहा वर्षं आम्ही चिठ्ठीवर नाव लिहून देत असू. मग एका वर्षी कर्ट आणि गॅरेजचा मुख्य मेकॅनिक ऑरिन यांच्यात एका चिठ्ठीवरून जुंपली. ऑरिनचं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेली माती. त्याने एक नाव लिहिलं, कर्टने दुसरंच वाचलं, दोघांनी चार महिने एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. मी लीगचा प्रमुख. मला असलं अघळपघळ चालत नाही. पुढच्या वर्षी मी पाचवा नियम केला आणि घरच्या स्वयंपाकघरातलं एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणलं. सगळ्यांनी हात वर करून मान्यता दिली. आर्लोचाही हात वर होता. हात वर करायला बोलावं लागत नाही.

शेवटच्या क्रमांकाची शिक्षा त्याच्याही आधीपासूनची. जानेवारीत दुकानाचा ग्राहकदिन असतो. तीनेकशे शेतकरी घरच्यांसह पॅनकेक खायला येतात. लीगमध्ये शेवटून पहिला आलेल्याने गवताच्या गाडीवर चढायचं, ध्वनिक्षेपक हातात घ्यायचा आणि आपला संघ एवढा भिकार का निघाला याबद्दल सगळ्या तालुक्याची माफी मागणारं, स्वतः लिहिलेलं निवेदन वाचायचं. निदान तीन मिनिटं. खाली तीनशे माणसं हसत असतात. मी दोनदा केलंय. गंमत असते.

पाचव्या नियमाला अकरा वर्षं झाल्यावरच्या ऑगस्टमध्ये, पहिल्या आठवड्यात, आम्ही नेहमीसारखा निवडीचा क्रम ठरवला. कॉफीच्या रिकाम्या डब्यात वेगवेगळ्या लांबीचे बारा बोल्ट टाकतो, वर फडकं. ज्याच्या हाताला सर्वांत लांब बोल्ट लागेल त्याची पहिली निवड. आर्लोने हात घातला आणि नऊ इंची बोल्ट बाहेर काढला.

"घ्या!" कर्ट ओरडला. "सगळा जन्म कलेजी खाल्ली त्याचं फळ!" त्याला स्वतःला दुसऱ्या क्रमांकाचा बोल्ट आला होता. "आर्लो, बोडेन तुझा. डोळे मिटून घे. डॅरियस बोडेन म्हण आणि खाली बस. यंदा तरी तू शेवटून वर येशील. गेल्या वर्षी अर्ध्या गुणाने वाचलास, आठवतंय ना? गाडीवर चढायची पायरी धुऊन ठेवली होती मी."

आर्लो हसला. मी त्याच्या हाताकडे पाहिलं, कारण बोल्ट टेबलावर टकटक वाजत होता. आनंदाने, असं मला वाटलं.

त्या वर्षी डॅरियस बोडेनबद्दल दुमत नव्हतं. असा धावणारा दहा वर्षांत झाला नव्हता. पहिली निवड ज्याची, त्याने दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं असतं तर त्याची तब्येत बरी आहे ना, असं विचारलं असतं.

ड्राफ्टच्या आधीच्या मंगळवारी मी नियमपत्रकाच्या प्रती घरोघरी टाकायला निघालो. ई-मेलने धाडता येतात, पण मी हातात देतो. आर्लोचं घर गावाबाहेर, मक्याच्या शेताला लागून. संध्याकाळचे सहा वाजले असतील. ऊन चांगलं होतं. मागच्या शेडमधून गवत कापायच्या यंत्राचा आवाज येत होता, म्हणून मी घराला वळसा घालून तिकडे गेलो. यंत्र जागच्या जागी घरघरत होतं, त्यावर कुणी बसलेलं नव्हतं. दार अर्धं लोटलेलं. मी हाक मारणार, तेवढ्यात त्या घरघरीखालून मला दुसरा एक आवाज ऐकू आला.

"ड... ड... ड..."

मग नुसता श्वास. घशात अडकलेला. पाण्याखालून वर आलेल्या माणसासारखा. मग पुन्हा, "ड... ड..." आणि पत्र्यावर मुठीचा दणका.

फटीतून आर्लोची पाठ दिसत होती. सदरा घामाने काळा झाला होता. समोर फळीवर त्याने एक कागद टाचणीने लावला होता आणि शेजारी घड्याळ ठेवलं होतं. वाळूचं, माझ्याकडे आहे अगदी तसंच. तो ते उलटं करायचा, ताठ उभा राहायचा, मान वर करायचा आणि त्याचा जबडा जागच्या जागी थिजायचा. मानेच्या शिरा फुगायच्या. वाळू संपायची. तो पुन्हा उलटं करायचा. मी पाच वेळा पाहिलं. पाचही वेळा डॅरियसमधला 'ड' ओलांडून तो पुढे गेला नाही.

मी भ्यायलो. कशाला, ते सांगता यायचं नाही. तीस वर्षं ज्याच्या शेजारी जेवलो, त्याला मी कधी पाहिलंच नव्हतं असं वाटलं.

मागे फिरलो तर स्वयंपाकघराच्या दारात त्याची बायको नोरीन उभी होती. हातात मक्याची कणसं.

"ऐकलंस?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

"यंत्र चालू ठेवतो, मला ऐकू जाऊ नये म्हणून. अकरा वर्षं झाली, दर ऑगस्टला पेट्रोलचा डबा संपतो आणि गवत तेवढंच राहतं." ती पायरीवर बसली. "तो तोतरा आहे, गॉर्डन. लहानपणापासून. तुला माहीत नव्हतं ना? कुणालाच माहीत नाही. अडेल असा शब्द आला की तो बाजूला ठेवतो आणि दुसरा घेतो, इतक्या चटकन की समोरच्याला कळत नाही. पण नावाला दुसरा शब्द कुठून आणायचा?"

"मग दर वर्षी..."

"दर वर्षी जी नावं तोंडातून निघतात ती घेतो. 'अ'ची, 'म'ची, 'ल'ची. बाकीची सोडून देतो. खेळाडू कसा का असेना." तिने कणसाची पानं ओढायला घेतली. "त्याचं स्वतःचं नाव ड्वेन आहे. नोकरीच्या पहिल्या दिवशी तुमच्या तेव्हाच्या मॅनेजरने हात पुढे केला आणि नाव विचारलं. त्याला ड्वेन म्हणता येईना. म्हणून मधलं नाव सांगितलं. आर्लो. तेव्हापासून आर्लो."

त्याच्या कागदांवर 'ड्वेन ए. टीट्झ' असं मी स्वतः शंभर वेळा टाइप केलं होतं. पहिलं नाव आवडत नसेल, एवढाच विचार करून.

"आणि कलेजी?" मी विचारलं. का विचारलं देव जाणे.

"कलेजीचा त्याला वासही सहन होत नाही," नोरीन म्हणाली.

यंत्र बंद झालं. आर्लो शेडबाहेर आला, मला पाहिलं आणि जागीच उभा राहिला. मग नोरीनकडे पाहिलं. सगळं समजल्यासारखा खाली बघत आला आणि तिच्या शेजारी टेकला.

"मी नियम बदलतो," मी म्हणालो. "आजच. चिठ्ठी चालेल असं लिहितो. माझ्या अखत्यारीत आहे."

त्याने मान हलवली. नाही.

"का नाही?"

"त्... त..." त्याने डोळे मिटले. माझ्यासमोर त्याने अडलेला शब्द बाजूला ठेवला नाही, ही पहिलीच वेळ. "त-तू बदललास तर सगळे विचारतील, का ब-बदलला."

"विचारू दे. मी काहीतरी सांगेन."

"क-कर्ट शोधून काढेल. त्याला एवढंच प-पाहिजे असतं." तो थांबला, ओठ पुसले. "ब-बोडेन नाही घेतला तर यंदा मी शेवटचा येणार. मग ती गाडी. ती-तीनशे माणसं. बोडेन घ्यायचा तर अकरा माणसं." त्याने हाताने तराजू करून दाखवला. "अकरा ब-बरी."

"आणि मिनिटभरात नाही जमलं तर?"

तो मक्याच्या शेताकडे बघत राहिला. नोरीन त्याच्याकडे न बघता कणसं सोलत होती.

"गॉर्डन, एक कर," शेवटी तो म्हणाला. "मी उभा राहिलो की माझ्याकडे ब-बघू नकोस. घड्याळाकडे बघ."

घरी आल्यावर मी लीगची फाइल काढली. सतरा वर्षांचे क्रमांक माझ्याच हातचे, रेघा आखून लिहिलेले. पहिल्या सहा वर्षांत आर्लो दोनदा विजेता होता आणि चौथ्याच्या खाली कधीच नव्हता. पाचव्या नियमानंतर अकराही वर्षं नववा, दहावा नाहीतर अकरावा. माणूस वयानुसार मागे पडतो, असं मी समजून चाललो होतो. तक्ता दर वर्षी माझ्या डोळ्यांसमोर होता.

पुढचे तीन दिवस आर्लो काउंटरवर नेहमीसारखाच होता. नंबर लिहीत होता, कागद सरकवत होता. फक्त तो जेवायला आला नाही. शुक्रवारी मी सुट्या भागांच्या खोलीत गेलो, तर तो पट्ट्यांच्या फडताळाआड भिंतीला कपाळ टेकवून उभा होता. मी पाय न वाजवता परत आलो.

शनिवारी गॅरेजची दारं सताड उघडली होती. बाहेर ऑरिन शेगडीवर ब्रॅटवर्स्ट, म्हणजे जर्मन सॉसेज, भाजत होता, बटाट्याच्या सॅलडची भांडी झाकून ठेवली होती, बर्फात बिअर. भिंतीला प्लायवूडचा मोठा फळा, त्यावर बारा रकाने. मी घड्याळ टेबलाच्या मधोमध ठेवलं.

आर्लो एकला दहा मिनिटं असताना आला. इस्त्रीचा सदरा, केस ओले करून विंचरलेले. चर्चला जातो तसा. तो सरळ पहिल्या क्रमांकाच्या खुर्चीत जाऊन बसला. त्याच्या शेजारी कर्ट.

"बघा, नवरदेव आला!" कर्ट म्हणाला. "आर्लो, हृदय ठीक आहे ना? का आजसुद्धा कुणी म्हातारा बचावफळीवाला घेणारेस? गेल्या वर्षीसारखा?"

सगळे हसले. आर्लोही. मला त्याचे दात दिसले, डोळे नाही.

एक वाजला. मी नियम वाचून दाखवले. पाचव्यापाशी माझा आवाज उतरला, म्हणून मी तो खाकरून पुन्हा वाचला. मग म्हणालो, "पहिली निवड, आर्लो टीट्झ," आणि घड्याळ उलटं केलं.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मी कबूल केलं होतं, म्हणून वाळूकडेच बघत राहिलो. बारीक धार, खाली छोटा ढीग.

शेगडीवर चरबी तडतडत होती.

"अरे, बोल की," कर्टचा आवाज. "पहिला नंबर मिळाला म्हणून भाषण करणारेस का?"

कुणीतरी खिदळलं. वाळूचा पाव भाग खाली गेला. मग मंगळवारी ऐकला होता तो श्वास आला, आत ओढलेला आणि तिथेच अडकलेला.

"ड..."

"चला, सुरुवात तर झाली," कर्ट म्हणाला.

"ड... ड... ड..."

"ए, ततपप काय करतोस! ऑरिन, बॅटरी आण रे, याचा ट्रॅक्टर सुरू होत नाहीये! ड-ड-ड-ड..." कर्टने चावी फिरवल्याचा आवाज काढला. तीन-चार जण मोठ्याने हसले.

मग ते हसणं एकेक करून थांबलं. कुणी थांबवलं नाही. पाणी बंद केल्यावर नळ ठिबकतो आणि मग ठिबकायचाही राहतो, तसं ते संपलं. आता गॅरेजमध्ये फक्त आर्लोचा आवाज होता. तो गंमत करत नव्हता हे अकरा माणसांना कळलं होतं आणि आर्लोला ते कळलं होतं. तीस वर्षं ज्याला तो भीत आला, ते घडून गेलं होतं, आणि वाळू अजून अर्धी बाकी होती.

माझा हात पुढे गेला. मी ठरवलं नव्हतं. सतरा वर्षांत मी लीगचा एकही नियम मोडला नाही, नोकरीतही नाही. मी ते घड्याळ अलगद आडवं केलं. धार थांबली.



माझ्या नजरेच्या टप्प्यात आर्लोचा हात आला. रुंद, नखांत ग्रीसची काळी रेघ. त्याने घड्याळ उचललं आणि पुन्हा उभं केलं. वाळू वाहू लागली.

"ड... डॅ... डॅरि..." तो लोखंड ओढत असल्यासारखा एकेक तुकडा ओढत होता. "डॅरियस." मग श्वास. "ब... ब... ब... बो..."

शेवटचे कण खाली पडले.

मी लीगचा प्रमुख होतो. बोलायचं मलाच होतं. "वेळ संपली," मी म्हणालो. "आर्लोची पाळी फेरीच्या शेवटी."

"ब-बरोबर. नियम आहे," आर्लो हळूच म्हणाला. जणू मलाच समजावत होता. आणि बसला.

आता मी मान वर केली. कर्टचा चेहरा लालबुंद झाला होता. दुसरी निवड त्याची. तो उठला. त्या घटकेला तो बोडेनला सोडून दुसरं नाव घेईल असं मला वाटलं, आणि त्याने तसं करू नये असंही वाटलं. आर्लोला ती भीक सोसली नसती. कर्टने बहुधा तेच ताडलं. एरवी तो टेबलावर चढून ओरडतो. आज भिंतीकडे बघत, पटकन आणि हलक्या आवाजात "डॅरियस बोडेन" म्हणाला आणि बसला. बिअरचा डबा त्याने उघडलाच नाही.

फेरी पुढे गेली. दहा जणांनी आपापली नावं घेतली. मी आर्लोकडे बघत होतो. त्याच्यासमोर दुमडलेली यादी होती. अकरा वर्षांच्या सवयीची, सोप्या अक्षरांची. मनात म्हणालो, आता घे बाबा 'अ'चं एखादं आणि सूट. कुणी दोष देणार नाही.

त्याची पाळी आली. मी घड्याळ उलटं केलं. त्याने यादी हातात घेतली, पाहिली, आणि पालथी घालून ठेवली. उभा राहिला.

"ट... ट... ट्रें... ट्रेंट..."

या वेळी मी घड्याळाकडे पाहिलं नाही. त्याच्याकडे पाहिलं. मान आखडलेली, डावा डोळा आपोआप मिटत होता, ओठ पांढरे. बघवत नव्हतं. टेबलाभोवतीची माणसं आपापल्या हातांकडे बघत होती. ऑरिन शेगडीशी चिमटा हातात धरून खांबासारखा उभा होता, एक सॉसेज जळत होतं.

"ड... डॅब... डॅब्नी."

चिमूटभर वाळू वर शिल्लक होती.

"ट्रेंट डॅब्नी," मी म्हणालो आणि फळ्यावर त्याच्या रकान्यात नाव लावलं. डॅब्नी त्या फेरीच्या शेवटी शिल्लक असेल असं मला वाटलं नव्हतं. चांगली निवड होती. चिठ्ठ्यांच्या काळातला आर्लो अशाच निवडी करायचा.

अजून पंधरा नावं होती. प्रत्येक नावागणिक त्याचा सदरा आणखी भिजत गेला. दोनदा आणखी वेळ संपली. एकदा तो मध्येच थांबून बाहेर गेला, नळाखाली डोकं धरून परत आला. सोपं नाव त्याने मुद्दाम टाळलं असंही नाही. जो खेळाडू चांगला, तो घेतला, नाव कसलंही असो. संध्याकाळी पाचला संपलं तेव्हा तो खुर्चीत असा बसला होता की त्याला उठवायला नोरीनला बोलवावं की काय, असं मला वाटलं.

ऑरिन बशी घेऊन आला. "काय देऊ, आर्लो?"

आर्लोने शेजारच्या बशीकडे सवयीने पाहिलं. मग म्हणाला, "ब-ब्रॅट. क-कांदा नको."

कर्ट तोवर निघून गेला होता.

त्या हंगामात आर्लो सहावा आला. शेवटचा ऑरिन, गवताच्या गाडीवर त्याने सहा मिनिटं माफी मागितली. आर्लो खाली पॅनकेक खात उभा होता, आणि तरीही गाडीकडे पाठ करून. भीती गेली आहे का, असं मी त्याला तेव्हा विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "पण आधी द-दोन होत्या. अडण्याची आणि क-कळण्याची. आता एक आहे."

कर्ट आणि तो नेहमीसारखे बोलत. कर्टने कधी क्षमा मागितली असेल तर माझ्या कानावर नाही. पण खानावळीत त्याने पुन्हा कलेजी मागवली नाही, आणि आर्लोच्या आधी काही सांगितलंही नाही. मेनू उघडून बसायचा, म्हातारीसारखा एकेक ओळ वाचत, आर्लोचं सांगून होईपर्यंत.

नियम बदलायचं मी पुन्हा काढलं होतं. आर्लो म्हणाला, राहू दे तसाच. राहू दिला.

पुढच्या ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी मी टेबलं मांडत होतो. कर्ट लवकर आला. हातात कागदी पिशवी. त्यातून त्याने वाळूचं घड्याळ काढलं, चांगलं वीतभर उंच, आणि मधोमध ठेवलं.

"हे काय?" मी विचारलं.

"नवं. जुनं माझ्या हातून फुटलं. गेल्या वर्षी आवराआवर करताना."

"किती मिनिटांचं आहे?"

"तीन. दुकानात एवढंच मिळालं."

जुनं घड्याळ माझ्या खिशात होतं. सकाळीच मी ते घरच्या कपाटातून, बारा वर्षं ज्या जागी ठेवतो त्या जागेवरून, धडधाकट काढून आणलं होतं. माझा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला. पाचव्या नियमात 'वाळू' एवढंच आहे, किती मिनिटांची ते मी लिहिलेलं नाही.

"ठीक आहे," मी म्हणालो.

आर्लो एकला दहा मिनिटं असताना आला. इस्त्रीचा सदरा, ओले केस, पांढरा चेहरा. गेल्या वर्षीइतकाच घाबरलेला. खुर्चीत बसला. मग त्याला घड्याळ दिसलं. त्याने ते उचलून उजेडात धरलं, उलटं केलं, वाळूची जाड संथ धार बघितली. मग कर्टकडे पाहिलं. कर्ट बिअर उघडण्यात गढून गेला होता.

"क-कर्ट," आर्लो म्हणाला, "यात तर अंडंही त-तयार होईल."

"मग उकडूनच खा," कर्ट म्हणाला. "बोल लवकर. आमची पाळी येऊ दे."